दारातलं वाक्य

पोस्टबाईंना ते हॉटेल आवडलं नाही. खरं सांगायचं तर ते आवडून घ्यायचंच नाही, असं त्या टॅक्सीतून उतरायच्या आधीच ठरवून आल्या होत्या. त्यांचा नवरा एरवी बोलण्याच्या बाबतीत पक्का कंजूष. पण गेल्या पंधरा दिवसांत या हॉटेलचा विषय निघाला की गडी असा काही खुलायचा, की पोस्टबाईंनी दोनदा त्यांच्या कपाळाला हात लावून ताप तर नाही ना, हे बघितलं होतं.

"तिथली मालकीण म्हणजे एक वल्ली आहे," ते म्हणायचे. "आणि तिथली दारं! दारं बघच तू."

"दारांत काय बघायचंय?"

"बघशील."

बघशील म्हणे! लग्नाला सव्वीस वर्षं झाली, एवढ्या काळात या माणसाने बायकोला कसली म्हणून उत्सुकता लावली नव्हती. आता लावली, तीही दुसऱ्या बाईच्या हॉटेलाची.

नवऱ्याला सगळे क्रेनवाले म्हणत. आठ वर्षं ते या परक्या बंदरावर क्रेन चालवत होते. जमिनीपासून दहा मजले वर, काचेच्या एवढ्याशा खोलीत दिवसभर एकटे. बोलायचं ते वॉकीटॉकीवर, आणि तेही चारच शब्द: वर, खाली, थांब, सोड. ती सवय इतकी अंगात मुरली की घरी फोन केला तरी "हं, बरं, जेवलीस, ठेवतो" एवढ्यात कारभार आटोपायचा. इकडे पोस्टबाई गावातल्या पोस्टाच्या खिडकीवर. सकाळपासून तोंडाचा पट्टा चालू. पार्सल नुसतं हातात घेतलं की त्या वजन सांगायच्या आणि काटा मागाहून त्यांच्या हो ला हो म्हणायचा. नवऱ्याच्या फोनचंही वजन त्यांनी कधीच करून ठेवलं होतं. ते काही फार भरत नव्हतं.

आता करार संपला होता. कंपनीने जाता जाता मोठेपणा करून बायकोसाठी तिकीट पाठवलं, म्हणून पोस्टबाई पंधरा दिवस नवऱ्याचं बंदर बघून आल्या. आता दोघांनी मिळून कायमचं घरी जायचं. विमान सकाळी सहाचं. बंदरापासून विमानतळ लांब, म्हणून आदल्या संध्याकाळीच इथे येऊन राहायचं. दरवर्षी सुट्टीवर निघताना क्रेनवाले असेच इथे राहायचे.

त्या सुट्ट्यांचीच एक गोष्ट पोस्टबाईंनी आजवर कुणाला सांगितली नव्हती. बहिणीलाही नाही. वर्षातून एकदा घराची बेल वाजायची. पोस्टबाई दार उघडायच्या, आणि दोन बॅगा घेऊन उंबऱ्याबाहेर उभा असलेला तो मुखदुर्बळ माणूस तोंडातून एक वाक्य काढायचा. एकच. त्यानंतर महिनाभर पुन्हा आपलं हं आणि बरं. पण ते एक वाक्य पुढचं वर्षभर पुरायचं. पोस्टबाई ते काउंटरवर बसल्या बसल्या आठवायच्या, रात्री दिवा मालवल्यावर आठवायच्या. अशी सात वाक्यं त्यांच्यापाशी जमा होती. शेजारणीचा नवरा रोज संध्याकाळी गजरा नाही तर भजी घेऊन यायचा, तेव्हा पोस्टबाई मनात म्हणायच्या, आण बाबा, आण. माझ्याकडे सात आहेत.

यंदा मात्र आठवं मिळायचं नव्हतं. दोघं बरोबरच जाणार, तर दार उघडणार कोण आणि बोलणार कोण? कायमचा नवरा मिळतोय आणि आपण एका वाक्यासाठी हळहळतोय, याची त्यांना लाजही वाटत होती. हळहळ काही त्यामुळे कमी झाली नाही.

तर हॉटेल. विमानतळाच्या कुंपणाला लागून दुमजली इमारत, मधे चौकोनी अंगण. अंगणाभोवती खोल्या, आणि एका खोलीचं दार दुसरीसारखं नाही. मालकिणीच्या वडिलांचा जुन्या इमारती पाडायचा धंदा होता. म्हातारा पाडलेल्या इमारतीचं बाकी सगळं विकायचा, पण दार विकायला त्याचा जीव होत नसे. त्याने साठवलेल्या दारांच्या मापाने लेकीने हे हॉटेल बांधलं. एका खोलीला बँकेचं लोखंडी दार, एकीला शाळेचं, त्यावर अजून "इयत्ता तिसरी". एका खोलीला सिनेमागृहाची दोन झुलती दारं, ती काही केल्या नीट लागत नसत म्हणून तिथे फक्त घोरणाऱ्यांना ठेवायचं असा नियम. खोल्यांना नंबर नव्हते. "बँकेत गरम पाणी येत नाहीये", "शाळेतले लोक गेले का", असं सगळं बोलणं चालायचं.

आणि अंगणाच्या मधोमध, आजूबाजूला भिंत नाही की वर छप्पर नाही, असं एक हिरवं दार चौकटीसकट जमिनीत रोवून उभं होतं. कुणाच्या तरी साध्या घराचं दार. कडी, कोयंडा, उंबरा, सगळं जागच्या जागी. फक्त घर नव्हतं.

"आलात!" म्हणत मालकीण पुढे आली, तेव्हा पोस्टबाईंनी तिला एका नजरेत तोलून घेतलं. त्यांच्या मनात एक सुरकुतलेली, जाडजूड, खोकणारी म्हातारी होती. ही निघाली त्यांच्याहून फार तर चार वर्षांनी मोठी. आखूड कापलेले पांढरे केस, हसली की पुढच्या दोन दातांत फट, आणि ती फटसुद्धा मेली शोभत होती.

"तुमच्या सपाता काढून ठेवल्यात," मालकीण क्रेनवाल्यांना म्हणाली. "आणि उशी ती पातळवाली."

सपाता! पोस्टबाईंनी खाली बघितलं. तपकिरी, टाचेकडे झिजलेल्या, नवऱ्याच्या पायाच्या मापाच्या सपाता दुसऱ्या बाईच्या घरात पायरीपाशी जोडीने उभ्या होत्या. क्रेनवाल्यांनी त्यांत पाय सरकवले, ते इतक्या सहज की पोस्टबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि पातळ उशी? घरी तर त्यांनी मुद्दाम जाड कापूस भरून घेतलेली उशी होती!

मग चहा आला. मालकिणीने दोन कप ठेवले आणि एक क्रेनवाल्यांकडे सरकवत म्हणाली, "हा बिनसाखरेचा, नेहमीसारखा."

पोस्टबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने कपात बघितलं.

"तुम्ही बिनसाखरेचा कधीपासून प्यायला लागलात?"

"झाली चार-पाच वर्षं."

"आणि घरी मी दोन चमचे घालते तो?"

"तोही पितो की."

म्हणजे चार-पाच वर्षं दर सुट्टीत हा माणूस आपला गोड चहा औषधासारखा घशाखाली ढकलत होता, आणि खरी आवड कुणाला ठाऊक, तर या फटीच्या दातांच्या बाईला! पोस्टबाईंनी आपल्या चहाचा घोट घेतला. चहा उत्तम होता. त्यामुळे त्यांना जास्तच राग आला.

संध्याकाळी अंगणात सात-आठ प्रवासी जमले. सगळे पहाटे नाही तर सकाळी घरी निघालेले. मालकीण त्या हिरव्या दाराच्या आत जाऊन उभी राहिली, आत म्हणजे पलीकडे. तिने कडी लावली आणि ओरडली, "वेल्डर! या, तुमचा नंबर!"

तिशीतला एक दांडगा वेल्डर लाजत लाजत उठला, दारासमोर उभा राहिला आणि त्याने दार वाजवलं. मालकिणीने कडी काढून दार उघडलं. वेल्डर नुसता उभा.

"बोला," मालकीण म्हणाली.

"मी... आलो."

"ते दिसतंय. नापास. पुन्हा." दार बंद.

सगळे हसले. पोस्टबाईसुद्धा हसल्या, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. शेजारी एक टक्कल पडलेले गवंडी बसले होते. त्यांनी खुलासा केला, "इथला रिवाज आहे, बाई. मीच त्याला कारण. बारा वर्षांपूर्वी मी चार वर्षांनी घरी गेलो. बायकोने दार उघडलं आणि माझ्या तोंडातून शब्द फुटेना. दाढी वाढलेली. तिने मला सिलिंडरवाला समजून रिकामा सिलिंडर बाहेर ठेवला आणि दार लावून घेतलं! हे मी मालकीणबाईंना सांगितलं, तेव्हापासून त्या घरी जाणाऱ्या कुणाला तालमीशिवाय सोडत नाहीत. हात रिकामे घेऊन गेलात तर चालेल, म्हणतात, तोंड रिकामं नको."

"छान आहे की," पोस्टबाई म्हणाल्या.

"छान? तुमचे मिस्टर तर इथले मॉनिटर! सातही वर्षं तालीम केलीय त्यांनी. एकेका वाक्यासाठी दहा-दहा वेळा दार वाजवायचे. आम्ही जेवून उठायचो, तरी यांचं आपलं चालूच."

पोस्टबाईंचं हसू जिथल्या तिथे राहिलं.

वेल्डर पुन्हा दार वाजवत होता. मालकीण पुन्हा उघडत होती, डोळे मोठे करून, जणू खरंच वर्षभर वाट बघत असावी. आणि पोस्टबाईंना त्या चौकटीत वेल्डर दिसेनासा झाला. तिथे दोन बॅगा घेतलेला आपला नवरा दिसायला लागला. तो बोलतोय आणि ही बाई ऐकतेय. आपल्या आधी! जे वाक्य आपण वर्षभर उशाशी घेऊन झोपलो ते हिने आधी ऐकलं, हलवून बघितलं, कदाचित एखादा शब्द इकडचा तिकडे केला, पास केलं आणि मग आपल्याकडे पाठवलं. म्हणजे आपण सात वर्षं दुसरीने फोडून वाचलेलं पत्र छातीशी धरून बसलो होतो. पोस्टात तीस वर्षं काढलेल्या बाईला याहून मोठा अपमान कुठला असणार?

त्या उठल्या आणि तरातरा खोलीत गेल्या. त्यांची खोली म्हणजे दवाखाना. दारावर आतल्या बाजूने लिहिलेलं होतं, "हळू बोला".

पाठोपाठ क्रेनवाले आले.

"ती वाक्यं कुणाची होती?" पोस्टबाई अजिबात हळू बोलल्या नाहीत.

"कोणती वाक्यं?"

"दारातली. माझी. म्हणजे मला वाटत होतं माझी!"

क्रेनवाले पलंगाच्या कडेला बसले. त्यांनी सपाता काढून जोडीने ठेवल्या. "तालीम करायचो," ते म्हणाले.

"परक्या बाईसमोर?"

"दार तिचं आहे. मग उघडणार कोण?"

"हा काय जबाब झाला?"

क्रेनवाल्यांनी दोन्ही हात पुढे धरून हवेत काहीतरी उचलल्यासारखं केलं. "हे बघ. मोठं वजन उचलायचं असलं ना, की आम्ही आधी ते जमिनीपासून वीतभर उचलतो आणि थांबतो. तोल बघतो. मगच वर नेतो."

"म्हणजे मी काय कंटेनर आहे?"

"तसं नाही गं."

"मग कसं?"

आता खरं तर त्यांना बोलायला सवड द्यायची होती. या माणसाला दोन वाक्यांच्या मधे तेवढा वेळ लागतो, हे पोस्टबाईंइतकं कुणाला माहीत होतं? पण मत्सराने पेटलेल्या माणसाला कुठली आलीय सवड. "घरी पोचल्यावर काय व्हायचं..." असं क्रेनवाले म्हणताहेत तोवर पोस्टबाई दवाखान्याचं दार आपटून बाहेर पडल्या होत्या.

मालकीण कपड्यांच्या खोलीत वाळलेल्या चादरींचा ढीग घेऊन बसली होती. पोस्टबाई दारात उभ्या राहिलेल्या बघून तिने काही न विचारता चादरीचं एक टोक त्यांच्या हातात दिलं. चादरीच्या घडीला दोन माणसं लागतात, त्याला इलाज नव्हता. पोस्टबाईंनी टोक धरलं.

"मला एक विचारायचंय."

"विचारा. पण ताणून धरा."

"आमच्या ह्यांना ती वाक्यं तुम्ही शिकवायचात?"

"छे! मी फक्त दार उघडते आणि नापास करते. वाक्य ज्याचं त्याने आणायचं."

"मग ती तुम्हाला ठाऊक असतील."

"पाठ आहेत. सात."

सात. बरोबर सात. पोस्टबाईंनी चादर एवढ्या जोरात ताणली की मालकीण एक पाऊल पुढे आली. आता खात्रीच करून घ्यायची तर वाक्यं बोलून दाखवायला हवी होती, आणि त्यांचा जीव होत नव्हता. जे बहिणीला सांगितलं नाही ते हिला सांगायचं? त्यांनी सातही मनातल्या काट्यावर ठेवली आणि त्यातलं सगळ्यात हलकं उचललं.

"'पायपुसणं बदललंस वाटतं.' पहिल्या वर्षीचं."

मालकीण घडी घालता घालता थांबली. "पायपुसणं?"

"हो. जुनं फाटलं होतं. मी नवं घेतलं होतं, निळं. त्यांना आल्या आल्या दिसलं."

"हे माझ्याकडचं नाही," मालकीण म्हणाली. "पहिल्या वर्षी ते नवव्या खेपेला पास झाले. पण पायपुसण्याचं नाव नव्हतं त्यात. अगदी शपथेवर."

पोस्टबाईंचा विश्वास बसेना. त्यांनी जरा जड उचललं. "'हे दार खालून घासतंय. उद्या बघतो.'"

मालकीण हसत सुटली. "असं बोलले? बायको वर्षाने दिसतेय आणि दार घासतंय? माझ्याकडे हे आणलं असतं तर जन्मभर नापास केलं असतं."

"का? काय वाईट आहे त्यात?" पोस्टबाई फणकारल्या. "दुसऱ्या दिवशी सकाळी रंधा आणून खरंच घासलं त्यांनी. मी वर्षभर ते दार ढकलत होते. कुणाला सांगितलंसुद्धा नव्हतं."

मालकिणीचं हसू ओसरलं. तिने घडी केलेली चादर बाजूला ठेवली आणि दुसरी उचलली. पोस्टबाईंनी आपणहून टोक धरलं. मग, का कोण जाणे, त्यांनी सगळ्यात जपलेलं वाक्य बोलून टाकलं, गेल्या वर्षीचं.

"'बेल दाबायच्या आधी जरा थांबलो होतो. आतून तुझा आवाज येत होता.'"

दोघींच्या मधे चादर तशीच ताणलेली राहिली.

"हे माझ्याकडे नाही," मालकीण हळू आवाजात म्हणाली. "असं या दारात कुणीच कधी बोललं नाही." मग ती म्हणाली, "मी दरवर्षी त्यांना विचारायची, मागच्या वेळचं वाक्य बोललात का घरी? ते मान हलवायचे. म्हणायचे, ती दार उघडते आणि डोक्यातलं सगळं जातं. भलतंच काहीतरी बोलून बसतो. मला वाटायचं आपलीच शिकवणी कच्ची. दरवर्षी माणूस इथे पास आणि तिथे नापास."

पोस्टबाईंच्या छातीवरचा धोंडा उतरला. सातही आपलीच! कुणी न फोडलेली, थेट आपल्या पत्त्यावर आलेली. त्यांना मालकिणीच्या त्या फटीच्या दातांचीसुद्धा माया वाटली. हा आनंद मोजून एका उशीच्या अभ्र्याची घडी होईपर्यंत टिकला.

"मग इथे काय बोलायचे ते?" त्यांनी विचारलं.

"गेल्या वर्षी ना? 'दहा मजल्यांवरून सगळी माणसं मुंगीएवढी दिसतात. पण एखादी तुझ्यासारखी चालली की मी क्रेन थांबवतो.' म्हणाले, त्यावरून साहेबाने दोनदा झापलंय."

पोस्टबाई अभ्रा हातात धरून उभ्या राहिल्या. आपण चालतो कशा, हे त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. आरशातही ते दिसत नाही. आणि एका माणसाला ते दहा मजल्यांवरून दिसत होतं. त्यांना रडू आलं, आणि रडू डोळ्यांपर्यंत पोचायच्या आत असा काही जळफळाट झाला की डोळे कोरडेच राहिले. हे माझं होतं! माझ्या नावचं टपाल वर्षभर या बाईच्या घरी पडून होतं. तिने ते ऐकलं, पास केलं, वर पाठही करून ठेवलं. आणि मला त्याचा पत्ताही नाही.

"अजून सहा आहेत," मालकीण म्हणाली. "सांगू?"

"नको!" पोस्टबाई जवळजवळ ओरडल्या. "तुम्ही नका सांगू. ज्याची आहेत त्याच्याकडूनच घेईन. एकेक करून घेईन."

"घ्या बाई, घ्या. तुमची चौदा होतील." मालकिणीने शेवटची चादर एकटीनेच छातीशी धरून दुमडली. "मी इतक्या जणांना दार उघडलं. आत उभं राहायला मला छान जमतं. पण बाहेरच्या बाजूला उभं राहून वाजवायला मला घर कुठलं? सगळे आपले पास होऊन जातात आणि दुसरीला जाऊन सांगतात."

ती हे अगदी सहज म्हणाली. पोस्टबाईंना वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही थोडं. पण खरं सांगायचं तर बरंही वाटलं. इतका वेळ आपणच एकट्या जळतोय असं त्या समजत होत्या. चादरीच्या दुसऱ्या टोकालाही तीच धग होती.

त्या खोलीत परतल्या तेव्हा क्रेनवाले पातळ उशीवर गाढ झोपले होते. पोस्टबाईंनी ती उशी बोटांनी चाचपून तिची जाडी मनात नोंदवून ठेवली आणि मग झोपल्या.

चारला दार वाजलं. अंगणात दिवा होता, बॅगा बाहेर आल्या होत्या. मालकिणीने चहा आणला. या वेळी पोस्टबाईंनी पुढे होऊन बिनसाखरेचा कप उचलला आणि स्वतःच्या हाताने नवऱ्याला दिला. मालकिणीने ते बघितलं. सपाता तिने आदल्या रात्रीच पुसून कागदात बांधल्या होत्या. त्या पोस्टबाईंच्या हातात देताना म्हणाली, "आता या तुमच्याकडे." पोस्टबाईंनी त्या बॅगेत अगदी तळाशी कोंबल्या.

क्रेनवाले चहा पिता पिता हिरव्या दाराकडे बघत होते. काल दवाखान्याच्या दाराआड अर्धवट राहिलेलं वाक्य आज तरी पुरं करतील, असं पोस्टबाईंना वाटलं. पण त्यांनी कप खाली ठेवला, खिसे चाचपले आणि विचारलं, "किल्ली तुझ्याकडेच आहे ना? या वेळी उघडायला आत कुणी नाही."

वाक्य अगदी साधं. पण पोस्टबाईंच्या डोळ्यांसमोर आपलं घर उभं राहिलं, बंद, अंधारं, आणि बाहेर दोघं बॅगा घेऊन. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

"आहे," त्या म्हणाल्या. "पण ती तुम्ही घ्यायची. तुम्ही दार उघडायचं, आत जायचं आणि दार लावून घ्यायचं. मी बाहेर थांबेन."

"तू बाहेर?"

"मी बेल वाजवीन. बघू या, कसं वाटतं ते."

क्रेनवाले चक्क हसले. त्यांनी किल्ली घेतली, खिशात ठेवली, वरून खिसा थोपटला. "मग वाक्य तयार ठेव," ते म्हणाले.

"मला काय कमी आहे वाक्यांची!"

टॅक्सी निघाली. फाटकापासून पहिल्या वळणापर्यंत दोन मिनिटांचा रस्ता. तेवढ्या वेळात पोस्टबाईंनी पहिलं वाक्य मनात धरून बघितलं, ते नाटकी वाटलं. दुसरं पोस्टातल्या सूचनेसारखं वाटलं. तिसरं अर्ध्यावरच विरून गेलं. दिवसाला चारशे माणसांशी बोलणारी बाई, तिला एक वाक्य जमेना. नवरा शेजारी बसला होता, पण त्याच्यासमोर तालीम कशी करणार? ज्याला द्यायचं त्यालाच आधी कसं दाखवणार? वेल्डरकडे कुणीतरी होतं. गवंड्याकडे होतं. या घुम्याकडे सात वर्षं हक्काचं माणूस होतं. आणि आपल्याकडे कुणी म्हणून नाही! पोस्टबाईंना त्या सगळ्यांचा असा काही हेवा वाटला की त्यांनी पुढच्या सीटवर थाप मारली.

"गाडी फिरवा!"

"काय विसरलं?" क्रेनवाले दचकले.

"तुम्ही गाडीतच बसा. इकडे बघायचं नाही. कान बंद."

फाटक उघडंच होतं. मालकीण कप गोळा करत होती. पोस्टबाई धापा टाकत अंगणात आल्या आणि हिरव्या दाराच्या बाहेरच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. काल त्यांनी हे दार लांबूनच बघितलं होतं. जवळून, टकटक करायच्या उंचीवर, रंग उडून पार लाकूड दिसत होतं. मालकिणीने एकदा त्यांच्याकडे बघितलं, हातातले कप पायरीवर ठेवले, दारापलीकडे गेली आणि कडी लावली.

पोस्टबाईंनी दार वाजवलं.

दार उघडलं. उंबऱ्याच्या आत एक माणूस आपली वाट बघत उभं आहे, बोल म्हणून डोळ्यांनी विचारतंय, आणि आपल्या हातात काही नाही. दार उघडणं किती सोपं असतं, हे त्यांना सव्वीस वर्षांत पहिल्यांदा कळलं.

"चहात साखर नको होती," त्यांच्या तोंडून बाहेर पडलं, "तर इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

मालकिणीने मान हलवली.

"नापास. भांडण आत आल्यावर. पुन्हा."

आणि तिने त्यांच्या तोंडावर दार लावून घेतलं. बाहेर टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजवला. पोस्टबाईंनी पर्स खांद्यावर नीट घेतली, घसा खाकरला आणि पुन्हा दार वाजवलं.